मधात खांब नसलेली कचेरी

रामाकोन्याहून सौंसरला निघालेल्या बसमध्ये बापूजी पुस्तक उघडून बसले होते. पुढच्या बाकावर देवकाबाई आणि त्यांची नात हिमानी बोलू लागल्या, तसे पान उलटायचे राहून गेले.

“आजी, पाडून रायले ते कचेरी पाहाले काहून चालली तू?”

“तुह्या आज्यानं बांधली ना ते. जिनिंगवाल्या शेठची. साऱ्या सौंसरात पयली अशी. एकच हॉल, तीस बाबू, मालकबी त्यातच. अन् मधात एकही खांब नाई.”

“मंग?”

“मंग काय! स्लॅबखालच्या टेकूच्या फळ्या काढल्या तं बाबू आत जायेच ना. म्हणे, स्लॅब डोक्शावर येते. तवा मिस्त्रीनं सोता खाली बसून दाखवाची रीत होती.”

“आबा बसले?”

“मलेबी बसवलं. पोटात तुहा बाप. म्हणे, भाकर खाय.”

“अन् तू खाल्ली?”

“दोन! भेवानं भूक लागते मले.”

“आता तं तिथं पाटी लावली म्हणते, इमारत धोकादायक.”

“म्हणून तं चालली. भसकन पडली तं लोक म्हणतीन, मिस्त्री कच्चा होता.”

बापूजींनी दोनदा घसा खाकरला.

“बाई, माफ करा. मी काल तिथंच उभा होतो. तीन दिवस मशीन चालून रायली. भिंती गेल्या, पण स्लॅब कडेच्या खांबांवर तशीच हाय.”

“तडा?”

“मले तरी नाई दिसला.”

“आजी, कुठं उठली? सौंसर नाई आलं अजून!”

“अवो कंडक्टरभाऊ, थांबवा गाडी. आमचं काम झालं.”