रिळाची जीभ

(कोयनाकाठचं, पाटणजवळचं एक गाव, साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. साळूबाईंची ओसरी, दुपार. शेजारची नवी सून अंजना हातात तेलाची कुपी आणि मासे धरायचं एक पितळी रीळ घेऊन आलेली. कोपऱ्यात साळूबाईंचा धाकटा भाऊ केरबा टाळांच्या दोऱ्या बदलत बसलेला.)

साळूबाई : आगं थांब. ती कुपी आधी खाली ठेव. घातलंस का काय थेंब?

अंजना : नाही अजून. तेल कुठं सोडायचं ते विचारायलाच आले, साळूआत्या. मामंजींचं हे रीळ किती कटकटतं हो. महिना झाला मला या घरात येऊन, रोज ऐकतेय. शिलाई मशिनीचं तेल माहेरनं आणलंच होतं, म्हटलं घालावं, आवाज थांबेल, मामंजी खूश होतील.

साळूबाई : मन चांगलं हाय तुजं. असंच चांगलं मन ह्या कोपऱ्यातल्या माणसाचं बी हुतं, आन त्यानं काय करून ठिवलं, इचार त्यालाच.

केरबा : आक्का, ती गोष्ट नगं.

साळूबाई : का नगं? सात-सात दिवस मांडी ठोकून दुसऱ्यांच्या चुकांची आख्यानं ऐकतोस. एक दुपार तुजं आख्यान हुंदे. ये अंजने, अशी जवळ सरक, चटईवर बस. गोष्ट बारकीच हाय, पर पुरती ऐक, मग तेल घालायचं का न्हाई ते तूच ठरीव.

अंजना : सांगा की. घरात मला कुणी काही सांगतच नाही. मामंजी बोलतात ते फौजेतलं, निम्मं हिंदीत.

साळूबाई : तर चार वर्सं झाली. तुजा दाल्ला लालासाहेब तवा तिकडं आसामात, पलटणीत. घरात तुजं सासरं, गुंडा हवालदार, एकलं. डोळं आधीच गेल्यालं, हळूहळू, फौजेतच. पेन्शनीवर धाडलं तवा त्यांच्या सायबानं आपली गळाची काठी आन हे रीळ दिलं. सायेब डोंगरातल्या नद्यांवर मासं धरायचा, हवालदार कायम त्याच्यासंगं. आंधळ्या माणसाला गळ कशाला दिला, आमाला काय उमगंना. हवालदारांना मातूर बरूबर उमगलं हुतं.

केरबा : डोळं लागतच न्हाईत त्याला. गळ टाकायचा, काठी दगडात रवायची, रिळाची ही बारकी कळ सरकवायची आन बसायचं. माशानं दोरा वडला की रीळ बोलतं.

साळूबाई : हे तुला आता ठावं. तवा ठावं हुतं का?

केरबा : न्हवतं. मी तिकडं बघतच न्हवतो.

साळूबाई : बघंल कसा? ह्यो माळकरी. बाजारात मासळीच्या अंगानं वारा आला तरी ह्याचं उपरणं नाकाला. आन हवालदार ह्याचा लहानपणापासनं जिवाचा गडी. दोघं नदीवर संगं जायाचं, ह्यो अंघोळीला वरच्या अंगाला, त्यो गळाला खालच्या अंगाला. एकमेकाला काय इचारायचं न्हाईत. असं निभत हुतं.

अंजना : मग बिघडलं कुठं?

साळूबाई : रीळ बिघडलं. वाळू गेली असंल आत. जात्यागत घरघराय लागलं. हवालदारांनी घरातलं करडीचं तेल वतलं, चांगलं चमचाभर. चार दिवस गप हुतं, मग ते तेल आत चिकाट झालं आन घरघर दुप्पट. त्या घरघरीत त्याचं बोलणं ऐकू येईना. पाटणात घड्याळवाल्यानं उघडायला नकार दिला. आन नेमका केरबा सांगलीला निघाला, कीर्तनाच्या सप्त्याला. हवालदारांनी रीळ फडक्यात बांधलं आन म्हणालं, “केरबा, तिकडं कोण कारागीर असंल तर एवढा आवाज बंद करून आण.”

केरबा : एवढंच म्हणाला त्यो. आवाज बंद करून आण. शब्दाला शब्द तेवढाच.

साळूबाई : व्हय, त्या शब्दानंच घात केला. आता ह्याच्या डोक्यात गोंधळ बघ कसा. निघालाय देवाच्या दारात, आन पिशवीत टाळाशेजारी मासं मारायचं यंत्र. एसटीत ह्यानं ती पिशवी पायाशी ठिवली. मग वाटलं, टाळ हायत आत, पायाशी कशी ठिवायची? मांडीवर घेतली. मग वाटलं, रीळ हाय आत, मांडीवर कसं घ्यायचं? कराड आलं तरी ह्याची पिशवी वर-खाली चाललीच हुती.

केरबा : शेजारचा माणूस उठून दुसरीकडं बसला.

अंजना : अहो, मग टाळ वेगळे काढायचे की.

केरबा : ते सुचलंच न्हाई बघ.

साळूबाई : सप्त्यात कीर्तनकारांची पेटी बिघडली, म्हणून कुपवाडहून दस्तगीरला बोलावल्यालं. कुपवाडात कारखान्यांच्या मागं त्याचं बारकं दुकान, पेट्या आन शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. पेटीची एक पट्टी बसली की वर येत न्हवती, ती त्यानं बघता बघता मोकळी केली आन जागेवर कीर्तन ऐकत बसला, पार आरतीपत्तोर. केरबाला त्यो माणूस आवडला. दुसऱ्या दिवशी गेला त्याच्या दुकानात. म्हणाला, रीळ आणलंय, घरघरतंय. दस्तगीर म्हणाला, कशाचं, शिनेमाचं का शिवणाचं?

अंजना : मग सांगितलं का मासे धरायचं?

साळूबाई : तितंच तर तोंड शिवलं ह्याचं. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, सप्त्यातनं उठून आल्याला. आन कालच त्या माणसानं शेजारी बसून कीर्तन ऐकल्यालं. त्याच्यापुढं मासं म्हणायचं कसं? काय म्हणाला असंल, सांग बरं.

अंजना : काय?

केरबा : पतंगाचं म्हणालो.

साळूबाई : पतंगाचं. हवालदार पतंग उडीवत्यात म्हणं, रोज, नदीकाठी.

अंजना : आई गं. मामंजी?

केरबा : तोंडात आलं ते बोलून गेलो. मग माघारी घेता येईना.

साळूबाई : दस्तगीरनं मान डोलावली. बाजूचं तीन स्क्रू काढलं, एकेक वस्तू कागदावर वळीनं मांडली, आन केरबाला म्हणाला, आता जोरात श्वास सोडू नका, स्प्रिंगा उडत्यात. मग रॉकेल आन बारका बुरूस. त्या करडीच्या तेलाची पिवळी साय निघाली म्हणं, खरवसागत. दात्यांतली वाळू टाचणीनं काढली. मऊ फडक्यानं पुसून वाळवलं. दोन टोकांना पातळ तेलाचा एकेक थेंब आन दात्यांना मव्हरीएवढं गिरीस, त्याच्या वर न्हाई. बसवून फुंकर मारली, तर फिरकी फुंकरीनं फिरली. आवाज म्हणून न्हाई.

अंजना : झालं की मग काम.

साळूबाई : झालंच हुतं. तेवढ्यात दस्तगीरनं ती कळ सरकवली, आन रीळ बोलाय लागलं. कट कट कट कट.

केरबा : मी म्हणालो, ह्यो अजून एक आवाज राहिला.

साळूबाई : दस्तगीर म्हणाला, घाणीचा आवाज निराळा आन ह्यो निराळा. आत पितळेची एक जीभ हाय, ती मुद्दाम बसीवलीया कुणीतरी. पतंगाला ही कशाला लागती? ह्यो म्हणाला, काय ठावं न्हाई, आवाज बंद करून आणायला सांगितलंय. त्यानं परत इचारलं, ह्यानं परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा इचारलं.

केरबा : तिसऱ्यांदा मला जरा शंका आली हुती. पर आता सांगायचं म्हंजी पतंगाचं खोटं बी उघडं पडणार.

साळूबाई : दस्तगीरनं जीभ काढली, तिची स्प्रिंग काढली, आन रीळ ह्याच्या हातात दिलं. मुकं. ह्यो नाचतच घरी आला. हवालदारांच्या हातात ठिवलं, त्यांनी कळ न सरकवताच फिरीवलं, पाठीवर थाप मारली, आन सांजचं नदीवर गेलं.

अंजना : आणि मग?

साळूबाई : मग आठ दिवस हवालदार नदीवर गेलं न्हाईत. मी भाकरी घिऊन जायाची, तर दारात बसल्यालं, रीळ कानाला लावून. दोरा वडायचं, ऐकायचं, परत वडायचं. नवव्या दिवशी मी इचारलं, हवालदार, काय झालं? तर हळूच म्हणालं, “साळू, कान चाललं माजं.” मी म्हणलं, आवं, माजं तर ऐकताय की. तर म्हणालं, “मोठं ऐकू येतंय. बारीक येईना झालंय. डोळं बी असंच गेलं. पयल्यांदा सुईचं भोक दिसंना, मग वाट दिसंना, मग पोराचं तोंड.”

अंजना : देवा.

साळूबाई : रीळ आणलं त्याच सांजंला नदीवर काठी जाग्यावरनं वडत न्हेली हुती माशानं. दगडावर काठी घासली तवा कुठं त्यांना कळलं, आन पाण्यात गुडघाभर शिरून धरली ती. वाटलं, रीळ बोललं असणार, आपल्यालाच ऐकू आलं न्हाई. आता आंधळ्याचं कान गेल्यावर राहिलं काय, पोरी? मला तर काय समजंना. मी ह्याला हाक मारली, म्हणलं तुज्या दोस्ताचं कान गेलं म्हणं.

केरबा : आन माज्या डोक्यात तवा लख्ख पडलं.

अंजना : सांगितलंत का मामंजींना?

साळूबाई : लगीच न्हाई. उंबऱ्यात उभा राहिला. रामकृष्णहरी म्हणाला. मग पतंगाचं सांगाय लागला. हवालदारांना काय कळंना, कुठला पतंग, कुणाची जीभ. अर्धा घंटा दोघं बी गोंधळल्यालं. शेवटी ह्यो रडाय लागला, तवा त्यांना उमगलं.

केरबा : मला वाटलं मारंल. त्यो एवढंच म्हणाला, “म्हंजी मी भैरा न्हाई?” मी म्हणलं, न्हाई. तर म्हणाला, “हळू म्हण.”

अंजना : काय?

केरबा : हळू म्हण, म्हणाला. मी हळू म्हणलं, न्हाई. तर म्हणाला, आता अंगणात जाऊन म्हण. अंगणातनं रामकृष्णहरी म्हणलं, त्यानं आतनं उत्तर दिलं. मग गोठ्यापासनं. मग चिंचंखालनं, निसतं वठातल्या वठात. तितनं बी दिलं.

साळूबाई : मी दारात. चिंचंखाली ह्यो काय पुटपुटतोय ते मला ऐकू आलं न्हाई, हवालदारांना आलं.

अंजना : आत्या, म्हणजे कान तुमच्यापेक्षा तिखट मामंजींचे.

साळूबाई : दुसऱ्या दिवशी पयल्या गाडीनं ह्यो कुपवाडला. दस्तगीरला समदं सांगितलं, मासं ह्या शब्दासकट. त्यानं कानाला हात लावलं. म्हणाला, मी दिवसभर पेट्यांचं सूर लावतो, आन एका माणसाचा सूर मीच काढून घेतला. ह्यो म्हणाला, चूक माजी. त्यो म्हणाला, तीनदा इचारून मी गप बसलो, ती माजी. जीभ डबीत सापडली. स्प्रिंग मातूर एका कीर्तनकाराच्या पेटीत घालून टाकल्याली, ती पेटी गेली जतला.

केरबा : मग त्यो नदीचं इचाराय लागला. तितं पाणी वाजतंय का? वारा कुणीकडनं असतोय? हवालदार किती लांब बसत्यात? मला एकाचं बी उत्तर येईना. पन्नास वर्सं त्या नदीत अंघोळ केली.

साळूबाई : त्यानं दुकानाला कुलूप लावलं आन आला की ह्याच्यासंगं. खिशात पक्कड, तारा आन बारकी कानस. हवालदारांच्या दगडावर जाऊन बसला, आपलं डोळं मिटून. स्प्रिंग वाकवायची, कळ सरकवायची, ऐकायचं, परत काढायची. म्हणायचा, पाण्याच्या खळखळाटाखाली जातोय आवाज. ऊन डोक्यावरनं कललं. चौथ्या खेपंला हवालदार लांबनं म्हणालं, “बास.”

अंजना : मग ही कटकट म्हणजे तीच?

साळूबाई : तीच. जीभ पयल्यापेक्षा कडक हाय आता. त्याच दगडावर घंटाभरात मासा लागला, हाताएवढा. हवालदार म्हणालं, ह्यो दस्तगीर मास्तरांचा. दस्तगीर नगं-नगं म्हणतोय. गाडीची येळ झाल्याली. आन मासा धरायला पिशवी न्हाई कुणापाशी.

अंजना : मग?

साळूबाई : सांग रं. ते तरी तुज्या तोंडानं सांग.

केरबा : उपरण्यात घेतला मी. स्टँडपत्तोर.

अंजना : तुम्ही? मामा, तुम्ही मासा उचललात?

केरबा : व्हय. बरं केलं का वंगाळ, मला अजून कळलं न्हाई. वाटंनं लोक बघत हुतं. दस्तगीर म्हणाला, द्या माज्याकडं, तुमची माळ हाय. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या. गाडीत बसल्यावर खिडकीतनं दिला. त्यो म्हणाला, हवालदारांना कमी ऐकू आलं कवा, तर कळवा, अजून कडक करू.

अंजना : मग परत आले कधी?

साळूबाई : न्हाई. औंदा संक्रांतीनंतर गेला त्यो. छातीत कळ आली, दुकानातच. आमाला महिन्यानं कळलं.

अंजना : मामंजींना माहीत आहे?

केरबा : मीच सांगितलं. त्यो रोज दुपारी दोरा वडून रीळ वाजवत बसतोय, ते तवापासनं.

अंजना : आणि मी तेल घेऊन निघाले होते.

केरबा : तुला कुठं ठावं हुतं, पोरी. सांजच्या भजनात मी शेवटाला त्याचं नाव घेतो, मनातल्या मनात. चालतंय का न्हाई, कीर्तनकार महाराजांना इचारलं न्हाई अजून. तू दिवा लावशील तवा तू बी त्याला आठवत जा. दस्तगीर. कुपवाडचा.