फोटोवाली ठरली

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारी एक आई आणि तिची लेक मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

"आई, हा बघ! काय फोटो काढतो!"

"अगं, यातली नवरी झाडावर का चढलीये?"

"फॅशन आहे ती."

"माझे गुडघे बघ आणि मग फॅशन सांग."

"बरं, मग ही बघ. ही बाई नुसती कोपऱ्यात उभी राहते आणि आपण हसलो की टिपते."

"ही बरी आहे गं! पण साठीला टेकल्यावर लग्नाचे कसले फोटो? सह्या करू, जेवू, घरी जाऊ. लोक हसतील."

"हसू देत की. हसरे फोटो छान येतात."

"भिंतीवर तुझ्या बाबांचा फोटो आहे. त्याच्या शेजारी हे कसं लावू मी?"

"मी लावीन. बाबा गेल्यापासून प्रत्येक फोटोत तू कडेला उभी आहेस, माझ्या लग्नातसुद्धा. एकदा तरी मधे उभी राहा ना!"

आईने चष्मा काढून पदराने पुसला.

"आई, रडतेस?"

"दाढ ठणकतेय. लाव तिला फोन."

"लागला! हॅलो, लग्नाचे फोटो काढायचे होते. हो, पुढच्याच महिन्यात! आई, ती विचारतेय, नवरीशी बोलता येईल का?"

"दे इकडे. हॅलो? हो, मीच नवरी बोलतेय. आणि हे बघा, आमचे हे फोटोत नेमके डोळे मिटतात. तेवढं सांभाळून घ्या."