मोरीतल्या मुंग्या

नगरच्या मिशन दवाखान्यात माझ्यापुढं रांगेत दोघी बसल्या होत्या. एकीच्या पदराखाली तपासायला आणलेली लघवीची बाटली होती.

"लंकाबाई, दाजींचा साखरेचा आजार कसा हाय?"

"गेला बघ, मरिया. महिना झाला, मोरीत त्यांच्या लघवीला एक मुंगी लागली न्हाई."

"काय सांगती! औषध कोनतं?"

"औषध कसलं? डाक्टरनी गूळ, साखर, भात समदं तोडलं. नुसती ज्वारीची भाकर अन् मेथी. लई चिडचिड केली, पर मी हालले न्हाई."

"अन् रेशनची त्यांच्या वाटची साखर?"

"टाकून द्यायची व्हय? मीच खाती, चहात, भाकरीसंगं."

"बरं करती. पर बाटली दिली अन् दाजी का न्हाई आले?"

"त्ये कशाला येत्याल? बाटली माझी हाय. परवापासनं मुंग्या परत आल्यात."