भिंतीपाशी शून्य

चहा घ्या, पण त्या ओझोन मशीनवाल्याचा विषय काढू नका. अजून डोकं तापतं माझं. अंबाजोगाईच्या माझ्या गोदामात मागच्या भिंतीला ओल येऊन बुरशी धरली आणि तिला टेकून ठेवलेल्या गाद्यांना कुबट वास लागला. गाद्या होत्या फळवाल्या रशीदभाईंच्या लेकीच्या लग्नाच्या, माझ्याच कापसानं भरून घेतलेल्या. ते म्हणाले, "शेठ, असल्या वासाच्या गाद्या सासरी गेल्या तर पोरीला जन्मभर ऐकावं लागंल."

म्हणून ओझोन वायू सोडून बुरशी मारायचं मशीन विकणाऱ्या त्या माणसाला बोलावलं; म्हटलं, आधी चालवून दाखव, मग घेतो. त्यानं आम्हाला बाहेर बसवून, दार लावून तासभर मशीन चालवलं. मग दार उघडलं आणि हवेतला ओझोन मोजायचा मीटर थेट मशीनच्या तोंडाशी धरला. "बघा शेठ, आकडा किती चढलाय! बुरशी खल्लास!"

मी आयुष्यभर कापूस तोललाय. काट्याला कोण कुठं बोट लावतो, ते मला लगेच कळतं. नाकाला रुमाल लावला, त्याच्या हातातून मीटर घेतला आणि मागच्या भिंतीपाशी नेला. शून्य! बुरशी होती तशीच, हिरवीगार.

"हे काय बे?"

"शेठ, तिथं नसतं मोजायचं. मशीनची ताकद तोंडाशीच मोजतात."

मग मात्र माझा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

"असं कर," म्हटलं, "ही भिंत उचल अन् नेऊन ठेव मशीनच्या तोंडाशी. आत्ताच्या आत्ता मशीन घेतो तुझं!"