धर्मादादा फोन उचलत नाही

नाही, सुरुवात कुंपणापाशी नाही झाली – त्याच्या कितीतरी आधी, निघताना, धावपट्टीकडे वळताना तू ब्रेकचं पेडल दाबलंस आणि ते आत गेलं ते तसंच राहिलं. तू दोनतीनदा पाय आपटलास आणि माझ्याकडे बघून हसलास. मी बघितलं होतं, निकेत. विचारलंसुद्धा, हे असंच असतं का? तर काय म्हणालास? "हेमाली, तू लिफ्टमध्येपण घाबरतेस." मग मी पट्टा बांधला. उतरताना चाकं टेकली, तू दाबतोयस, दाबतोयस आणि विमान आपलं चाललंय – पट्टी संपली, कुंपण गेलं, आणि आता हे, नाक खाडीच्या चिखलात आणि तुझा पाय त्या पत्र्याखाली.

हलू नकोस, ओढून निघत नाही तो. आणि विनेशला मी फोन करणार नाही. तुझा मॅनेजर काय पाठवणार – ट्रक? ट्रक पाण्यावर चालतो? म्हणे बाहेर कळायला नको, तुझं विमान चालवायचं लायसन्स संपलंय. हे आत्ता सांगतोस, मला वर नेऊन खाली आणून झाल्यावर. धावपट्टीचा रखवालदार सणाला गेलाय, तूच खूश होतास, बघायला कुणी नाही म्हणून. अँब्युलन्स निघालीय, पण ती रस्त्यापर्यंत. इथवर फक्त होडी येते, आणि होडी – काय वाजलं? ऐकलंस? ... पंख. पंख बसतोय खाली. पाणी मघाशी तिवरांच्या मुळांशी होतं, आता दाराशी आलंय. भरती आहे ही. मला कळतं, थळची आहे मी, तू पाहुण्यांना 'अलिबागची' म्हणून सांगत असलास तरी.

वाजतोय. वाजतोय, उचलत नाही. आज शिमगा, सगळ्या होड्या किनाऱ्याला लागलेल्या, धर्मादादा बँजोपुढे नाचत असेल, खिशातला फोन त्याला कसा ऐकू येणार – असं मी स्वतःला सांगतेय. तुला काय वाटतं? साखरपुड्याला तो, माझा सख्खा भाऊ, बर्फात घातलेली पापलेटं घेऊन आला, पेटीभर, निवडून ठेवलेली, आणि हॉलच्या दारात तू ड्रायव्हरला सांगितलंस, वास येतो, बाहेर ठेव. दादा हसला. "म्हावरा भायेर, तं आमी पन भायेरच बरं." गेला तो गेला. तेव्हापासून माझा फोन घेत नाही. तुझा नाही, माझा. आत्ताही नाव बघत असेल आणि वाजू देत असेल.

बाबांचा फोन बंद. गोदूवहिनी... तीपण उचलत नाही. असा रागाने बघू नकोस माझ्याकडे. मी आज या डबड्यात कशाला बसले माहितीये? वर गेल्यावर सांगणार होते तुला – तिथून तुला उठून जाता येत नाही, ऐकून तरी घेशील, की हे लग्न मला – आणि मग वर भीती वाटली, सगळं तुझ्या हातात होतं ना. म्हणून समुद्र किती छान दिसतोय म्हणाले. जाऊ दे. तुला सोडून काठाला जायची नाही मी, घाबरू नकोस. प्रेमाबिमाचा विषय नाहीये हा. बुडणाऱ्याला टाकून आमच्यात कुणी येत नाही, एवढंच.

परत लावते. नाही, विमानात कोण होतं तेही सांगणार. लायसन्सचं पण सांगणार. हात काढ, निकेत, फोन पडेल पाण्यात – हात काढ म्हणते ना.

थांब. फोनमध्ये बँजो ऐकू येतोय.

तू एक शब्द बोलायचा नाहीस.

दादा?