पाणी गरम केलंय का?

ताई : आधी त्या पाथरवटाला थांबव, मग बोलू.

भाऊ : तो चहा प्यायला गेलाय, थांबलेलाच आहे. आणि ताई, दफनभूमीत तरी तमाशा नको. आई ऐकतेय.

ताई : ऐकू दे. तिच्याच वडिलांच्या दगडावर तू खोटी जन्मतारीख कोरायला निघालायस.

भाऊ : खोटी? चर्चच्या कार्यालयात खेटे घालून माझे केस पिकले, तेव्हा कुठे आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद हाती लागली. नाव तेच, आईबापांची नावं तीच, चर्च तेच. आणखी काय हवंय तुला? तान्ह्या बाळाची सही?

ताई : वय जुळायला हवंय. या नोंदीप्रमाणे आजोबा लग्नात सव्वीस वर्षांचे ठरतात. लग्नाच्या दाखल्यावर चोवीस आहे.

भाऊ : त्या काळी वय अंदाजानंच सांगायचे.

ताई : एकदा मान्य करते. पण शाळेच्या दाखल्यात दोन वर्षं कमी, नोकरीच्या कागदात दोन वर्षं कमी आणि लग्नातही दोनच. चूक इतक्या शिस्तीत वागत नाही, बंधुराज.

भाऊ : ही तुझी प्रयोगशाळा नाही.

ताई : नाही ना, म्हणून तर तुझं निभावलं. तिथे असं केलं असतंस, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

आई : अगं, पण नोंद आहे म्हणतोय ना तो? आहे की नाही?

ताई : नोंद आहे. आजोबांची नाही. काल याची फाइल चाळत होते, त्यात त्याच चर्चच्या दफनाच्या नोंदीची प्रत निघाली. हा बाप्तिस्मा झाला आणि पंधरा दिवसांच्या आत त्याच नावाचं, त्याच आईबापांचं बाळ पुरलं. कोपऱ्यात याच्या वळणदार अक्षरात शेरा : 'असंबद्ध'.

भाऊ : ते दुसऱ्या कुणाचं तरी असेल, असं मला वाटलं.

ताई : आई तीच, बाप तोच, घर तेच, आणि मूल मात्र दुसऱ्याचं?

आई : थांबा जरा. बाबांच्या नावाचं मूल गेलं? मग बाबा कोण?

ताई : आजोबा त्यानंतर दोन वर्षांनी झाले, आई. मूल गेलं की त्याचं नाव पुढच्या मुलाला ठेवायचे. वंशावळ शोधणारा नवशिकाही हे आधी तपासतो. यानं तपासलं, याला सापडलं आणि यानं ते बाजूला सारलं. मला संताप त्याचा आहे. नुसता चुकला असता, तर मी हसून सोडून दिलं असतं.

भाऊ : मग आजोबांची नोंद कुठे आहे, ते सांग ना! एवढी हुशार आहेस तर! ती पानं वाळवीनं खाल्लीत.

ताई : पानं शाबूत आहेत, मी आज सकाळी पाहून आले. त्या वर्षांतली शेजारच्या घरची पोरं आहेत, पलीकडच्या घरची आहेत. आपली तेवढी नाहीत. आजोबा नाहीत, त्यांच्या पाठची दोन्ही भावंडं नाहीत. वाळवीला आपल्याच घराची चव लागली होती का?

भाऊ : म्हणजे तिघांचा बाप्तिस्माच झाला नाही, असं तुझं म्हणणं?

ताई : तसं मी म्हटलं नाही. या चर्चमध्ये नोंदला नाही, एवढंच म्हणते. पहिल्या चौघांचा नोंदलाय. त्यातलं चौथं गेलं, आणि पुढे आपल्या घराच्या नोंदीच थांबल्या. का थांबल्या, ते कागद सांगत नाही.

आई : दिवस कसले होते गं?

ताई : कसले म्हणजे?

आई : त्या चौथ्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा. थंडीचे का?

ताई : ऐन थंडीचे. बाळ तीन दिवसांचं होतं.

आई : पाणी गार होतं.

भाऊ : काय?

आई : मोठी आई. माझी आजी, तुमची पणजी. घरात कुणाच्याही बाळाचा बाप्तिस्मा असला, की ती एकच विचारायची, 'पाणी गरम केलंय का?' सगळे फिदीफिदी हसायचे. माझे काका तर तिची नक्कल करून दाखवायचे. चर्चच्या पायरीवर बसून राहायची, आत पाऊल टाकायची नाही. आम्हाला सांगितलं होतं, तिचे गुडघे दुखतात. आणि तेच गुडघे घेऊन ती तीन जिने चढून गच्चीवर कपडे वाळत घालायची! कुणाला म्हणून शंका आली नाही.

भाऊ : पण आई, पाण्यानं काही मूल...

ताई : ते मीही म्हणणार नाही. मृत्यूच्या कारणाचा रकाना कोरा आहे. तेव्हा तान्ही मुलं कशानंही जायची.

आई : तुझा रकाना तुझ्यापाशी ठेव! मी कारण विचारलंय का? तिनं काय मानलं, ते सांगतेय. पुढच्या तिघांना तिनं त्या दारातून आत नेलंच नाही. कळलं का, तुमच्या नोंदी कुठे गेल्या ते? हरवल्या नाहीत. तिनं दिल्या नाहीत.

ताई : हा अंदाज झाला, आई. पण याहून बरा माझ्यापाशी नाही.

आई : आणि मुलं किती झाली एकूण? तूच मोज.

ताई : आधीची चार, नंतरची तीन. सात.

आई : सात! मुलं किती, असं कुणी विचारलं की ती सात म्हणायची. मग काका तिचीच बोटं धरून मोजून दाखवायचे, पाहुण्यांसमोर. ही बघ, सहा. काका थोरले, त्यांनी ते बाळ डोळ्यांनी पाहिलं असणार! पण गेलेलं मोजत नसतात म्हणे. आणि बाबासुद्धा म्हणायचे, आईला हिशेब येत नाही. ज्याचं नाव जन्मभर पांघरलं, त्यालाच वगळून मोजत होते!

भाऊ : आजोबांना कुणी सांगितलंच नसेल.

आई : तिनं सांगितलं होतं ना! दर वेळी सांगत होती! आणखी कसं सांगायचं असतं?

(आई शेजारच्या थडग्यापाशी जाते.)

आई : इकडे ये. काय कोरलंय ते वाच. मोठ्यानं.

भाऊ : 'सहा मुलांची आई.'

आई : एक खोटं त्यांनी तिच्या उशाशी ठेवलं, दुसरं तू घेऊन आलास. त्या बाळाकडे एक तारीख तेवढी होती स्वतःची. तीही काढून तू बाबांना देणार होतास.

भाऊ : तुलाच हवी होती तारीख. दर वर्षी इथे आलीस की म्हणतेस, बाबांचा दगड अर्धा वाटतो.

आई : म्हणते ना. अजूनही वाटतो. पण दुसऱ्याची घेऊन नाही भरायचा.

ताई : असल्या रिकाम्या जागेला मी 'माहीत नाही' असं म्हणते. त्यात लाजण्यासारखं काही नसतं.

भाऊ : मग पाथरवटाला काय सांगू? परत जा म्हणू?

आई : का म्हणून? छिन्नी घेऊन आलाय ना? हा सहा काढून सात करायला सांग.

भाऊ : कोरलेलं पुसता येत नाही, आई. तेवढा भाग तासावा लागेल, तिथे खळगा पडेल. इथे काहीतरी खोडलंय, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत राहील.

आई : दिसू दे.