दहाचा फोन आणि माझे दोन मुलगे

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या वॉर्ड ऑफिसचे मोठे साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. आपले नगरसेवक, जे साथीच्या दिवसांत आम्हाला फक्त फलकावर हसताना दिसायचे आणि आज समोर बसून हसतायत. ऑफिसातली सगळी मंडळी. माझ्या इमारतीतली आणि गल्लीतली माणसं. आणि ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण हा हॉल भरला त्या आपल्या फोनवाल्या बाई, तुम्हा सगळ्यांना या म्हातारीचा नमस्कार.

माईक चालू आहे ना? मगाशी एका गृहस्थांनी चालू आहे म्हणून सांगितलं, तरी मी टिचकी मारून पाहिली. रागावू नका. आत येताना मला एक फूल दिलं, त्याचाही मी वास घेऊन पाहिला. खरं आहे. आता बोलायला हरकत नाही.

मला इथे का उभं केलंय, याचाही मला आधी संशय आला होता. चौथी शिकलेल्या बाईला दहा मिनिटं कोण देतं? नक्की कशावर तरी सही घेणार. पण आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर म्हणाले, "आजी, त्या बाई निघाल्या आता. त्या दोन मुलांचं काय ते एकदा सांगून टाका." म्हणून आले. मास्तर, तुम्हीही मान खाली घालू नका, तुमचंही येणार आहे त्यात.

तर आमची इमारत. तीन मजले, सहा घरं, लिफ्ट नाही. साथ आली तेव्हा आमच्यातलं सगळ्यात तरुण माणूस म्हणजे तळमजल्यावरचे शिंपीकाका, वय वर्षं एकसष्ट. सगळ्यांची पोरंबाळं दुसऱ्या गावी. माझी लेक आणि नातही तिकडेच. नात आज खास आली आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे, मोबाईलमध्ये मला पकडतेय. पकड बाई, पण चष्मा नीट करू दे आधी.

साथीच्या आधीच्या वर्षी आमच्याकडे एक माणूस मीटर बघायला आला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात वही, बोलणं असं गोड की मी त्याला चहा दिला. तो गेला आणि माझ्या भिंतीवरचं घड्याळही त्याच्याबरोबर गेलं. तेव्हापासून आमच्या इमारतीचा एक नियम. अनोळखी माणसाला कधी सांगायचं नाही की घरात आपण एकटे आहोत.

आणि मग सगळं बंद झालं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा बिचकत चालायचं. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी फोन वाजला. "नमस्कार आजी, वॉर्ड ऑफिसमधून बोलतेय. घरात किती माणसं आहेत?"

आता सांगा, चोर आणखी काय वेगळं विचारतो?

मी म्हटलं, "तीन. मी आणि माझे दोन मुलगे. दोघंही धिप्पाड आहेत."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "बरं. धिप्पाड. लिहून घेते."

फोन ठेवला आणि मी लगेच जिन्यात उभी राहून सगळ्यांना ओरडून सांगितलं, की असा असा फोन येईल, सावध राहा. सगळे सावध राहिले. मास्तरांनी सांगितलं घरात सात माणसं, त्यातला एक पहिलवान. शिंपीकाकांनी पोलिसातला जावई आणून बसवला. तिसऱ्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ राहते. तिला बिचारीला काही सुचेना. म्हणाली, "जाऊबाई, मला खोटं लक्षात राहत नाही हो." मी म्हटलं, "मग माझेच दोन सांग. नवे कशाला बनवतेस?" म्हणून ऑफिसच्या वहीत माझ्या दोन मुलग्यांची दोन घरं झाली. अशी सहा म्हाताऱ्यांची आमची इमारत वहीत माणसांनी नुसती फुलून गेली होती.

फोन मात्र रोज यायला लागला. बरोबर दहाला. घड्याळ तर गेलेलं, त्यामुळे दहा वाजले हे मला फोनवरूनच कळायचं. बाई सांगायच्या, उद्या पाणी सहा ते सात. बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी, आधी साठीच्या वरच्यांना. शाळेच्या पटांगणात शिजवलेलं जेवण मिळतंय, ज्यांना बाहेर जमत नाही त्यांच्या दारात येईल. रक्तदाबाची गोळी संपली असेल तर नाव सांगा. लस कधी, कुठे, कोणतं कागदपत्र लागेल.

माझा एका अक्षरावर विश्वास नव्हता. मी कॅलेंडरवर खुणा करायला लागले. सांगितलं तसं झालं की बरोबरची खूण, नाही झालं की फुली. पाणी सहा ते सात म्हणाल्या तर मी पावणेसहाला नळाखाली बादली लावून बसायचे, की बघू कधी येतं. यायचं मेलं वेळेवर. पहिल्या महिन्यात फुल्या फक्त दोन. आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी बाई आपणहून म्हणाल्या, "आजी, काल मी चुकीचं सांगितलं, वरून मला तसंच कळलं होतं. माफ करा." अहो, मी तर आणखीनच सावध झाले. चूक कबूल करणारं ऑफिस कुणी पाहिलंय का? साहेब, हसा, पण पाहिलंय का?

त्यात माझ्या हातून एक घोटाळा झाला. रोज त्या विचारायच्या, "मुलं कशी आहेत?" रोज "बरी आहेत" म्हणून म्हणून मलाच कंटाळा आला. एक दिवस तोंडातून निघून गेलं, "थोरल्याला काल शिंक आली."

"किती शिंका?"

"एकच. पण मोठी."

"मग आजी, त्याला चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवावं लागेल."

माझ्या घराला खोल्याच दीड. त्यातली अर्धी मी त्याला दिली. चौदा दिवस बाई विचारायच्या, ताप आहे का, जेवला का, वास येतो का, आणि मी सांगायचे. एकदा म्हणाल्या, "त्याच्याशी बोलू का जरा?" म्हटलं, "झोपलाय." तर म्हणाल्या, "झोपू दे. आजारी माणसाला झोप हवी." काय सांगू तुम्हाला, त्या चौदा दिवसांत मला त्या पोराचा लळा लागला. ताट वाढताना एकदा हात दुसऱ्या ताटाकडे गेला होता. चौदाव्या दिवशी मी त्याला बरा केला तेव्हा बाई म्हणाल्या, "चला, जिंकलो आपण." आणि मला खरंच बरं वाटलं.

तुम्ही म्हणाल, आजी, ही हसायची गोष्ट झाली. थांबा.

पुढच्याच आठवड्यात, दहाच्या फोनच्या वेळी, बाईंनी आधी धाकटीला लावला आणि मग मला. आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाल्या, "आजी, तुमच्या जाऊबाईंना मी एका श्वासात आकडे म्हणायला सांगितले. सातला थांबल्या. काल वीसपर्यंत गेल्या होत्या. मी गाडी पाठवतेय, दवाखान्यात खाट आहे. पण माणसं कमी आहेत, उचलणारे दोघं दुसऱ्या गल्लीत गेलेत. गाडीत एकटा ड्रायव्हर येईल. खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणायचं आहे. तुमचे दोघं मुलगे आहेत ना घरात?"

मी फोन धरून उभी. वर धाकटी, तिचा दम लागलेला. खाली जिना. आणि मध्ये मी, गुडघे धरलेली.

एवढंच म्हणायचं होतं, बाई, मुलगे नाहीत. दोन शब्द. पण मनात काय आलं सांगू? मनात आलं, इतके दिवस गोड बोलून आज बरोबर विचारलं. मीटरवाल्यासारखंच. तोंड आपोआप म्हणालं, "आहेत ना. दोघंही आहेत."

"बरं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

माणसाला आपल्याच तोंडाची भीती वाटावी, असं मला तेव्हा झालं. मी लगेच फोन उलटा लावला. लागेना. पुन्हा लावला, लागेना. मग जिन्यात येऊन हाका मारल्या. मास्तर आले, त्यांच्या पहिलवानाशिवाय. शिंपीकाका आले, जावयाशिवाय. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत उभे. तिघांचं वय मिळून दोनशेच्या वर. मास्तर म्हणाले, "मी खुर्चीचा एक पाय धरतो." मी म्हटलं, "उरलेले तीन कोण धरणार?" तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला.

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. ड्रायव्हर उतरला. त्याच्यामागून दोन दांडगे गडी उतरले, खुर्ची घेऊन. आणि त्यांच्यामागून एक बाई, लहानखुरी, तोंडाला मास्क, काखेत वही. तोपर्यंत मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, मुलगे कामाला गेले असतील म्हणून दुसऱ्या गल्लीतली माझी माणसं उचलून आणली."

बस, एवढंच. खोटं बोललात का, विचारलं नाही. मास्तरांना पहिलवान कुठाय, विचारलं नाही. पाच मिनिटांत धाकटी खाली. जाताना खुर्चीतून मला म्हणते, "जाऊबाई, गॅसवर दूध आहे." दम नाही अंगात, पण दूध आठवलं.

अकरा दिवसांनी ती घरी आली. डॉक्टरीणबाई इथेच आहेत, त्यांनी तेव्हा सांगितलं, आणखी दोन तास गेले असते तर कठीण होतं. ती बघा, पहिल्या रांगेत, डोक्याला रुमाल बांधलेली. हात करतेय. हल्ली ऐकू कमी येतं तिला, आपल्याला टाळ्या मिळतायत असं वाटतंय तिला. मिळू देत, वाजवा.

दुसऱ्या दिवशी दहाला फोन आला. बाई म्हणाल्या, "मुलं कशी आहेत?" मी म्हटलं, "बरी आहेत." तेव्हाही खरं सांगितलं नाही. लाज वाटली. आज या हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगते. बाई, मला मुलगे नाहीत. कधीच नव्हते. एक मुलगी आहे, तीही फार धिप्पाड नाही.

आता शेवटचं सांगते. साहेब घड्याळ बघतायत, मला दिसतंय.

मागच्या आठवड्यात बाई निवृत्त होणार म्हणून कळलं, तशी मी वॉर्ड ऑफिसात गेले. म्हटलं, आमची नावं त्या वहीत कुठे कुठे लिहिलीत ती एकदा बघू तर द्या, उद्या नवीन माणूस येईल, तो कसा असेल काय माहीत. बाईंनी वही काढून आमचं पान उघडून दिलं. मी बोट ठेवून वाचलं. माझ्या नावापुढे पेनानं, "मुलगे दोन, धिप्पाड." आणि खाली बारीक पेन्सिलीनं, "घरात दुसरा आवाज कधीच येत नाही. सगळ्या इमारतीत नाही. जिना तीन मजले. गरज पडली तर माणसं पाठवावीत. मुलगे आहेत म्हणाल्या तरी. जास्त विचारत बसू नये." तारीख फोन सुरू झाल्यापासून सहाव्या दिवसाची.

सहाव्या दिवसाची. शिंक त्यानंतरची. म्हणजे सगळं माहीत असताना या बाईंनी चौदा दिवस माझ्या नसलेल्या पोराचा ताप विचारला.

मी म्हटलं, "का हो असं केलंत?" तर म्हणाल्या, "आजी, तो होता म्हणून तुम्ही माझ्याशी दहा मिनिटं बोलायचात. नाहीतर पाण्याची वेळ ऐकून ठेवायचात."

मग मी सहज विचारलं, "आता घरी बसून काय करणार? घरात कोण कोण?" बाई कपाट लावत होत्या. वळल्या नाहीत. म्हणाल्या, "भरपूर माणसं आहेत. दोन भाऊ, वहिनी, त्यांची मुलं. घर नुसतं भरलेलं असतं."

मला संशय आला. येणारच. मी नंबर मागून घेतला आणि परवा, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, बरोबर दहाला लावला. पहिल्याच रिंगला उचलला. भरलेल्या घरात पहिल्या रिंगला कोण उचलतं? मी कान लावून ऐकलं. भांडं नाही, नळ नाही, पोराचं रडणं नाही. विचारलं, "वहिनी कुठे आहेत?"

म्हणाल्या, "झोपल्यात."

मी म्हटलं, "झोपू दे."

तर मोठे साहेब, तुम्ही या बाईंना खुशाल निरोप द्या, कागदावर सही करा, आमची काही हरकत नाही. पण बाई, उद्यापासून दहा वाजता तुमचा फोन वाजेल. सोमवारी मी, मंगळवारी मास्तर, बुधवारी शिंपीकाका, उरलेले वार बाकीच्या घरांना, आणि धाकटीला शनिवार दिलाय, कारण तिला ऐकू कमी येतं आणि शनिवारी तुम्हाला घाई नसेल. आम्ही रोज भावांची तब्येत विचारू. एखाद्याला शिंक आली तरी सांगा. मोठी असेल तर चौदा दिवस धरू.

आपण सगळ्यांनी माझं एवढं ऐकून घेतलंत, साहेबांनी घड्याळ दोनदाच पाहिलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात कुठे खोटं आलं असेल, कुणाला टोचलं असेल, कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर या म्हातारीला माफ करा, आणि लिहूनच ठेवायचं असेल तर पेनानं नको, पेन्सिलीनं ठेवा.